जडत्व दाखवायचे कशाने?

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणे, पुठ्ठ्याला टिचकी आणि नाणे पेल्यात: हा प्रयोग आपल्याकडे बहुतेक प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी केलेला असतो. त्यानंतर जडत्व हा विषय शाळेपुरता संपतो. अकरावीत टॉर्कची ओळख होते आणि बारावीच्या भौतिकशास्त्राचे पहिलेच प्रकरण उघडावे तर समोर घूर्णन गती येते. जडत्व आघूर्ण, कोनीय संवेग, कडे, चकती आणि गोल यांची सूत्रे, सगळे एकदम. पेल्यात पडलेल्या नाण्याचा या सूत्रांशी काही संबंध आहे, हे ज्या मुलाला हाताने कळले आहे असा मुलगा शोधावा लागतो. उपकरणांचा प्रश्न मला या मधल्या रिकाम्या जागेचा प्रश्न वाटतो. या लेखात त्याचा आढावा सोलापूरच्या अंगाने घेतला आहे. चाक, दांडा आणि बेअरिंग यांच्यावर पोट असलेले हे शहर या बाबतीत स्वतःला समजते त्याहून फार श्रीमंत आहे.

सरळ रेषेतल्या जडत्वाची साधने थोडी आणि स्वस्त आहेत, त्यामुळे ती लवकर सांगून होतात. कॅरमच्या सोंगट्यांची चळत रचून स्ट्रायकरने खालची सोंगटी उडवणे. ट्रॉलीवर ठोकळा ठेवून ट्रॉली अडवणे. जड गोळ्याला वर एक दोरा आणि खाली तसाच एक दोरा बांधून खालचा ओढणे: सावकाश ओढला तर वरचा तुटतो, हिसका दिला तर खालचा. तिन्हींत हा शेवटचा प्रयोग सर्वांत मोलाचा आहे, कारण एकाच मांडणीतून दोन वेगळी उत्तरे निघतात आणि त्याचे कारण द्यावेच लागते. गोळा नसेल तर किराणा दुकानातले एक किलोचे वजन चालते. खाली रेतीची पाटी मात्र ठेवावी.

या सर्व प्रयोगांत एक घोळ राहून जातो. मुले जडत्व आणि वजन एकच समजतात. जड वस्तू हलत नाही, कारण ती जमिनीवर दाबून बसलेली असते, असा त्यांचा समज असतो आणि टेबलावरच्या घर्षणामुळे तो आणखी पक्का होतो. यावर उपाय म्हणजे वस्तू टांगणे. छताच्या हुकाला दोन लांब दोऱ्यांनी वस्तू आडवी टांगली की तिचे वजन दोरे पेलतात. मग ती एका बोटाने आडवी ढकलायची आणि झुलत आली की त्याच बोटाने थांबवायची. उचलायचे काहीच नसते, तरी बोटाला विरोध जाणवतो.

टांगायला कोणती वस्तू घ्यावी? सोलापुरात याचे उत्तर एकच असायला हवे: मागावरचा धोटा.

१८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग शहराच्या पूर्व भागात, अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत चालत राहिले. धोट्याच्या मागासमोर उभे राहून जडत्वाचा विचार करून पाहा. एका फेकीत कापडात जो आडवा धागा पडतो त्याचे वजन एक ग्रॅमही नसते. तेवढा धागा या टोकापासून त्या टोकाला नेण्यासाठी पाव ते अर्धा किलोचा लाकडी धोटा, पोटात कांडी घेऊन, दर वेळी शून्यापासून वेगात आणावा लागतो. पलीकडच्या पेटीत तो पुन्हा शून्यावर आणायचा आणि लगेच उलट दिशेने फेकायचा. साध्या मागावरसुद्धा हे मिनिटाला शंभराच्या वर वेळा घडते. धोटा ४०० ग्रॅमचा आणि त्याचा वेग सेकंदाला १२ मीटर धरला तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे २९ ज्यूल भरते, म्हणजे एक किलोचे वजन जवळजवळ तीन मीटर उचलायला लागणारी. दर फेकीला एवढी ऊर्जा द्यायची आणि ती बहुतेक सगळी पेटीत धोटा थांबवताना उष्णतेत आणि खडखडाटात घालवायची. कापडाच्या वाट्याला त्यातले फारच थोडे येते.

जगभरच्या कापडधंद्याने धोटा टाकून देण्यामागचे एक मोठे कारण हेच होते. आधी त्याची जागा ४० ग्रॅमच्या आसपासच्या धातूच्या लहान प्रक्षेपकाने घेतली, मग धागा धरून नेणाऱ्या रेपियरने, मग हवेच्या झोताने. वस्तुमान कमी झाले, फेकण्या-थांबवण्याचा खर्च उतरला आणि वेग वाढला. धोटा पेटीत पोहोचला नाही तर मागाला क्षणार्धात थांबावे लागते, नाहीतर ताण्याचे शेकडो धागे तुटतात. अशा थांबण्यात सगळ्या सांध्यांना जो हादरा बसतो तोही जडत्वाचाच. धोटा उडाला तर काय होते, हे पूर्व भागातल्या घराघरांत ठाऊक आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन जुने धोटे, एक मोकळा आणि एक भरलेल्या कांडीचा, टांगलेले असावेत असे मला मनापासून वाटते. ज्या मुलीचे वडील मागावर उभे राहतात तिला त्या दिवशी वर्गात शिक्षकांइतकेच सांगण्यासारखे असेल.

त्याच मागावर दुसरा धडाही आहे. मागाच्या दांड्यावरचे जड चाक तिथे का असते? एका फेऱ्यात मागाला सारखी शक्ती लागत नाही. धोटा फेकण्याच्या क्षणी एकदम जास्त लागते, बाकी वेळ कमी. चाक मधल्या काळात ऊर्जा साठवते आणि हिसक्याच्या वेळी परत देते. साखर कारखान्यात मळीपासून साखर वेगळी करणारी सेंट्रिफ्युगल यंत्रे मिनिटाला हजारावर फेरे घेतात. भरलेली जड टोपली वेगात आणायला आणि थांबवायला लागणारा वेळ हा त्या कामाच्या हिशेबातला एक भागच असतो. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची वाण नाही. म्हणजे घूर्णन गतीची साधने या जिल्ह्यात आधीपासूनच आहेत, फक्त ती शाळेच्या कपाटात नाहीत.

कपाटातल्या साधनांचा इतिहासही जुना आहे. न्यूटनचे नियम १६८७ मध्ये छापले गेले. ते डोळ्यांना दाखवण्यासाठी अठराव्या शतकात लायडनच्या ग्रॅव्हेसांडे यांनी पितळ आणि लाकडाची उपकरणे घडवून व्याख्याने दिली. केंब्रिजच्या जॉर्ज अ‍ॅटवुडने कप्पीवरच्या दोन वजनांचे यंत्र १७८४ च्या पुस्तकात सविस्तर मांडले. फिरत्या वस्तूंसाठी जडत्व आघूर्णाची कल्पना त्याआधी १७६५ मध्ये ऑयलरने पक्की केली होती. १८५२ मध्ये फूकोने पृथ्वीचे फिरणे दाखवणारे चक्र बनवले आणि त्याला जायरोस्कोप हे नाव दिले. आज आपल्या शाळा-महाविद्यालयांना पुरवली जाणारी बरीच उपकरणे हरियाणातल्या अंबाल्याहून येतात आणि त्यांची घडण अजूनही याच परंपरेतली आहे.

आता फिरत्या जडत्वाकडे वळू. उतारावरची शर्यत हा त्यातला सर्वांत सोपा प्रयोग. दोन मीटरची सपाट फळी आणि दहा अंशांच्या आतला उतार घ्या. लेथच्या दुकानातून गोल सळईचा एक तुकडा, तेवढ्याच व्यासाच्या पातळ पाइपाचा एक तुकडा आणि बेअरिंगची एक मोठी गोळी आणा. तिन्ही एकाच वेळी सोडायच्या. गोळी पहिली, सळई दुसरी, पाइप शेवटचा. वस्तुमान कितीही असो, व्यास कितीही असो, क्रम तोच राहतो. शिक्षकाने थांबावे असे ठिकाण हेच आहे, कारण जड वस्तू आधी पोहोचेल असे बहुतेक वर्ग सांगतो. सळई फळीच्या शेवटी पोहोचते तेव्हा पाइप जवळजवळ अर्धा मीटर मागे असतो, हे शेवटच्या बाकावरूनही दिसते. गोळी आणि सळई यांच्यातला फरक मात्र दोन मीटरला जेमतेम १३ सेंटिमीटर आहे. एक मीटरच्या फळीवर तो निम्मा होतो आणि सोडताना हाताची चूक झाली की नाहीसा होतो. अशा वेळी मुलांना पुस्तकातले उत्तर मानायला लावण्यापेक्षा मोबाइलवर संथगतीने चित्रण करून पाहावे. गोळी पन्हळीतून सोडण्याचा मोह टाळायला हवा. पन्हळीच्या दोन कडांवर टेकल्यामुळे तिची गडगडण्याची त्रिज्या कमी होते, तेवढ्याच अंतराला तिला जास्त फेरे घ्यावे लागतात आणि ती उगीचच मागे पडते.

यात भर म्हणून पातळ प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक काठोकाठ पाण्याने भरलेली आणि दुसरी घट्ट दाबलेल्या वाळूने. पाण्याची बाटली सहज पुढे जाते, बहुधा लोखंडी गोळीच्याही पुढे. बाटली फिरते, आतले पाणी मात्र जवळजवळ न फिरता नुसते खाली सरकते, त्यामुळे फिरण्यावर ऊर्जा फार थोडी खर्च होते. मला हा प्रयोग संपूर्ण प्रकरणात सर्वांत आवडतो. ‘किती वस्तुमान’ हा प्रश्न बाजूला पडतो आणि ‘कोणते वस्तुमान, कुठे, फिरते आहे की नाही’ हा प्रश्न पुढे येतो. खर्च तर जवळजवळ नाहीच.

फिरते स्टूल आणि हातात धरायचे सायकलचे चाक ही जोडी मात्र मन लावून बनवावी लागते, कारण तिचे सारे यश बेअरिंगमध्ये असते. ऑफिसातली फिरती खुर्ची चालत नाही, तिचे घर्षण दोन फेऱ्यांत सगळे खाऊन टाकते. गाडीच्या चाकाच्या हबमधले बेअरिंग जाड पट्टीच्या बैठकीवर बसवून वर लाकडी पाट लावला तर उत्तम फिरता मंच होतो. त्यावर मूल दोन्ही हातांत दोन-दोन किलोची वजने घेऊन हात पसरून उभे राहते, कोणी हळूच फिरवते आणि मग ते हात छातीशी घेते. साध्या हिशेबाने त्याचा वेग दोन-अडीच पट होतो. टाळ्या पडतात आणि बहुतेक वर्गांत प्रयोग इथेच संपतो.

खरे तर तो इथून सुरू व्हायला हवा. कोनीय संवेग तेवढाच राहिला आणि वेग अडीच पट झाला, तर फिरण्याची ऊर्जाही अडीच पट झाली. बाहेरून तर कोणी ढकलले नाही, मग ही ऊर्जा आली कुठून? हा प्रश्न वर्गाला विचारून मंचावरच्या मुलालाच उत्तर द्यायला सांगावे. त्याने हात आत ओढताना दंडात जोर लावलेला असतो आणि तो त्याला आठवत असतो. स्नायूंनी वजने केंद्राकडे ओढण्याचे काम केले, ऊर्जा तिथून आली. बारावीची किती तरी मुले कोनीय संवेग अक्षय्य असतो हे लिहून गुण मिळवतात आणि ऊर्जाही तेवढीच राहिली असेल असे धरून चालतात. स्टूल ती चूक दंडातून दुरुस्त करते.

सायकलच्या चाकाची हकिगत याहून नवलाची आहे. कडेला तार गुंडाळून किंवा सळई वाकवून तिथले वस्तुमान दीड किलोपर्यंत न्यावे आणि धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना मुठी लावाव्यात. त्रिज्या ३० सेंटिमीटर आणि सेकंदाला पाच फेरे धरले तर कोनीय संवेग सुमारे ४.२ एकक होतो. फिरते चाक आडवे धरून मंचावर उभ्या असलेल्या मुलीने ते उलटे केले की ती स्वतः दोन-तीन सेकंदांत एक फेरी या वेगाने फिरू लागते. नंतर चाकाच्या एका मुठीला दोरी बांधून ते टांगावे. न फिरणारे चाक लगेच आडवे पडते. फिरणारे पडत नाही, दोरीभोवती संथ प्रदक्षिणा घालते. वरच्याच आकड्यांनी, चाकाचे वजन दोन किलो आणि दोरी मध्यापासून १५ सेंटिमीटरवर असेल तर एका प्रदक्षिणेला नऊ सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. आता वर्गाला विचारावे: चाक मंदावत जाईल तसतशी प्रदक्षिणा हळू होईल की जलद? बहुतेक हात ‘हळू’ला वर होतात. प्रत्यक्षात ती जलद होते. घड्याळ लावून दर फेरीचा वेळ फळ्यावर लिहीत गेले की शंका उरत नाही. चाक उलटे करताच मंचावरची मुलगी ज्या तत्त्वाने फिरते, त्याच तत्त्वावर उपग्रहांची दिशा वळवणारी चाके चालतात, आणि आपल्या देशाचे उपग्रहही ती वापरतात. ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस आरांपासून दूर ठेवणे हा या प्रयोगाचा पहिला नियम.

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत भिंतीला बसवलेले फ्लायव्हील असते. दांड्याला दोरा गुंडाळायचा, वजन खाली सोडायचे, दोरा सुटल्यावर चाक थांबेपर्यंतचे फेरे आणि वेळ मोजायचा आणि सूत्रातून जडत्व आघूर्ण काढायचे. प्रयोग चांगला आहे, त्यात घर्षणाचा हिशेबही येतो. पण तो आकडेमोडीचा विधी होऊन बसला आहे. मुले वाचने घेतात, हात लावत नाहीत. त्याच चाकाला आधी दोन मिनिटे बोटांनी दांड्यापाशी आणि मग कडेपाशी ढकलून फिरवायला सांगितले तर टॉर्क म्हणजे काय हे वही उघडण्यापूर्वीच कळते. शाळांसाठी मी याहून साधी रचना सुचवेन. सायकलच्या हबला चार समान सळया फुलीसारख्या लावायच्या आणि त्यांवर सरकणारे चार नट-बोल्ट बसवायचे. हबवर गुंडाळलेल्या दोऱ्याला तेच वजन तेवढ्याच उंचीवरून सोडायचे. नट केंद्राजवळ असताना वजन भरकन खाली येते, टोकाला नेल्यावर रेंगाळते. वस्तुमान एक ग्रॅमही वाढलेले नसते, फक्त त्याची जागा बदललेली असते. नटांचे अंतर आणि वजन उतरायला लागलेला वेळ दोन्ही मोजून, वेळेचा वर्ग अंतराच्या वर्गासमोर आलेखात मांडला की सरळ रेषा मिळते. सूत्र तिथे आपोआप येते.

नवी साधनेही वेगाने येत आहेत. अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्या प्रयोगशाळांचा भर संवेदक, रोबो आणि त्रिमितीय छपाईवर आहे, पण तिथल्या ड्रिल यंत्रावर हब आणि नट-बोल्टाची वरची रचना एका दुपारी उभी राहू शकते. बऱ्याच मोबाइलमध्ये जायरोस्कोप संवेदक असतो. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात २०१६ मध्ये तयार झालेले फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप त्याची वाचने दाखवते. फिरत्या मंचावरच्या मुलाच्या खिशात मोबाइल ठेवला की हात आत घेताच वेगाची रेघ उसळी मारते, आणि ती सगळ्या वर्गाला दिसते. संगणकावरच्या आभासी प्रयोगांबद्दल मी सावध आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातले अनेक प्रयोग मराठीतही आहेत आणि ते नेटके आहेत. ग्रहांची गती किंवा वायूचे कण दाखवायला ते उत्तम आहेत. पण उलटे करताना सायकलचे चाक मनगटाला जे पिळते, ते पडदा दाखवू शकत नाही आणि घूर्णन गतीत तेच मुख्य आहे.

साधन कोणतेही घ्या, वापरण्याची रीत त्याहून महत्त्वाची ठरते. याचा पुरावा हार्वर्डच्या एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडला. वर्गात प्रात्यक्षिक नुसते पाहणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी २४ टक्क्यांना नंतर त्याचे बरोबर स्पष्टीकरण देता आले. ते न पाहिलेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. म्हणजे नुसते पाहून जवळजवळ काहीच पदरात पडले नाही. प्रात्यक्षिकाआधी काय होईल याचा अंदाज नोंदवायला लावले तेव्हा प्रमाण ३० टक्क्यांवर गेले आणि आपसांत चर्चाही झाली तेव्हा ३२ वर. अंदाज नोंदवायला वर्गाची एक-दोन मिनिटे लागतात. या आढाव्यात मी कुठल्या गोष्टीसाठी हट्ट धरीन तर या मिनिटांसाठी. पाइप आधी की सळई, हे प्रत्येकाने वहीत लिहिल्याशिवाय फळीवरचा हात सोडायचा नाही.

सोलापुरातल्या शाळा मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या आहेत. घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि बारावीत इंग्रजी पुस्तक अशी वाट इथे शेकडो मुले चालतात. त्यांच्यासाठी उतारावरचा पाइप हा धड्याआधी येणारा धडा आहे. जो मुलगा इंग्रजी वाक्यात अडखळतो तोही वहीत बाण काढून कोण पुढे जाईल ते सांगू शकतो.

जडत्व आघूर्णाचा एक धडा शाळेबाहेरही आहे. मकरसंक्रांतीला सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात. एवढी उंच काठी तोलून धरणे हे भक्तीचे आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम आहे. त्यात मदतीला येणारा एक भाग जडत्व आघूर्णाचा आहे. उभी काठी कलू लागल्यावर पडायला लागणारा वेळ तिच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. १५ सेंटिमीटरची पेन्सिल बोटावर तोलता येत नाही. दीड मीटरची काठी येते, कारण तिला पडायला तीन पटींहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात हात तिच्याखाली सरकवता येतो. वर्गात मीटरपट्टीला मातीचा गोळा आधी वरच्या टोकाला आणि मग खालच्या टोकाला लावून ती बोटावर तोलायला द्यावी. गोळा वर असताना पट्टी सोपी जाते, हे बहुतेकांना आधी पटत नाही.

खरेदी करणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी एकच तांत्रिक सूचना. फिरता मंच किंवा फ्लायव्हील घेताना किंवा बनवून घेताना रंग आणि पॉलिश पाहू नका. एकदा जोरात फिरवा आणि आपोआप थांबेपर्यंतचा वेळ मोजा. अर्ध्या मिनिटाच्या आत थांबले तर परत पाठवा. ठेवून घेतले तर दर जूनमध्ये शाळा उघडताना बेअरिंगला ग्रीस द्या आणि तोच वेळ पुन्हा मोजून वहीत लिहा. ही वही सांभाळायला नववीतली दोन मुले पुरतात.